स्लेट (पाटीचा दगड)

स्लेट : सूक्ष्मकणी, घट्ट व पातळ तक्त्यांच्या रूपात सहज दुभंगणारा रूपांतरित खडक. या खडकाची लिहिण्यासाठी केलेली पाटी आणि तिच्यावरून रूढ झालेले अनेक लाक्षणिक अर्थ यांनाही इंग्रजीत हीच संज्ञा आहे. मराठीत मात्र या खडकास ‘पाटीचा दगड’ म्हणतात. म्हणजे इंग्रजीत दगडावरून वस्तूला नाव मिळाले, तर मराठीत वस्तूवरून दगडाला.

व्युत्पत्ती : ‘स्लेट’ हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतील ढलपी किंवा फुटून निघालेला तुकडा या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. खडकाचा दुभंगण्याचा गुण त्याच्या नावातच आहे. ‘पाटी’ हा शब्द संस्कृतातील पट्ट, पट्टिका या शब्दकुलातील असून त्यात सपाटपणाचा अर्थ मुख्य आहे. फळ्यावर करावयाच्या अंकगणितास संस्कृतात पाटीगणित म्हणत. श्रीधराचार्यांचा याच नावाचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. मराठीत नावाचा फलक व ओझे वाहण्याची टोपली यांनाही पाटी म्हणतात.

उत्पत्ती व गुणधर्म : शेल, पंकाश्म किंवा ज्वालामुखी राख यांवर कमी तापमानात, पण मोठ्या दाबाखाली रूपांतरणाची क्रिया होऊन स्लेट तयार होते. दाबामुळे अभ्रक व क्लोराइट यांचे सूक्ष्म पत्रे दाबाच्या दिशेशी काटकोनात, एकमेकांना समांतर असे मांडले जातात व त्या प्रतलांवर खडक दुभंगतो. या गुणधर्मास पाटन म्हणतात. मूळ गाळाच्या थरांची दिशा व पाटनाची दिशा बहुधा भिन्न असतात. हा भेद ॲडम सेज्विक यांनी १८३५ मध्ये स्पष्ट केला. पाटन हे दाबामुळे निर्माण होते, असे हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८५३ मध्ये दाखविले. कार्बनी द्रव्यामुळे खडकास काळा वा करडा, क्लोराइटामुळे हिरवा आणि हेमॅटाइटामुळे तांबडा वा जांभळा रंग येतो.

आढळ व उपयोग : वेल्सच्या वायव्य भागातील खाणी जगप्रसिद्ध आहेत. खाणीतून काढलेले ठोकळे छिन्नी व हातोडा यांनी दुभंगून छपरांसाठी पातळ फरश्या तयार करीत. पेन्ऱिन येथील खाणकामगारांचा १९०० ते १९०३ या काळातील संघर्ष ब्रिटिश कामगार चळवळीच्या इतिहासात महत्त्वाचा मानतात. या प्रदेशाचा २०२१ मध्ये जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला. भारतात हिमाचल प्रदेशातील कांग्रा भागात घरांची छपरे स्लेटची असतात. आंध्र प्रदेशातील मार्कापूर हे पाट्यांसाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टाने व्यापलेला आहे. बिलियर्डच्या मेजांचे तळ, प्रयोगशाळांतील ओटे व फरसबंदी यांसाठीही स्लेट वापरतात. विद्युत् निरोधक असल्यामुळे पूर्वी विजेच्या स्विचफलकांसाठीही ती वापरीत.

लिहिण्याची पाटी : दगडी पाटी प्रचारात येण्यापूर्वी भारतातील मुले धूळपाटीवर किंवा वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत. मद्रास येथे ही पद्धत पाहून अँड्रू बेल यांनी ती आपल्या शाळेत स्वीकारली आणि १७९७ मध्ये आपल्या शैक्षणिक प्रयोगाचे वृत्त इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकात कागद महाग असल्याने पुनःपुन्हा पुसता येणारी दगडी पाटी प्राथमिक शाळांत सार्वत्रिक झाली. लाकडी चौकटीतील ही पाटी महाराष्ट्रात शिक्षणाचे प्रतीकच बनली. दसऱ्यास पाटीवर सरस्वती काढून तिचे पूजन करण्याची प्रथा आहे. पुढे पत्र्याच्या, पुठ्ठ्याच्या व प्लॅस्टिकच्या पाट्या आल्या, वह्याही स्वस्त झाल्या. परंतु नाव पाटी हेच राहिले.

लाक्षणिक अर्थ : यांतील बरेच अर्थ पुसता येण्याच्या गुणावर आधारलेले आहेत. इंग्लंडमधील मद्यगृहांत गिऱ्हाइकांची उधारी पाटीवर मांडीत; ती पुसली की देणे संपे. त्यावरून जुने दोष विसरून नव्याने आरंभ करणे, या अर्थाचा वाक्प्रचार रूढ झाला. अमेरिकेत पक्षाच्या उमेदवारांच्या यादीस आणि चित्रपटसृष्टीत दृश्याचा क्रमांक लिहिलेल्या फलकास स्लेट म्हणतात. मराठीत ‘पाटी कोरी असणे’ म्हणजे काहीच ज्ञान नसणे. जॉन लॉक यांचा जन्मतः मन रिक्त असते हा सिद्धांत मराठीत ‘कोरी पाटी’ या शब्दांनी सांगतात. स्वतः लॉक यांनी मात्र कोऱ्या कागदाची उपमा योजली होती.

पेन्सिल-उद्योग व आरोग्य : पाटीवर लिहिण्याची पेन्सिल पाटीपेक्षा मऊ अशा शेल जातीच्या दगडापासून करतात. मध्य प्रदेशातील मंदसोर हे या उद्योगाचे प्रमुख केंद्र होय. दगड यांत्रिक करवतीने कापताना सिलिकायुक्त सूक्ष्म धूळ उडते. ती श्वासावाटे फुप्फुसांत साचून सिलिकोसिस हा असाध्य रोग होतो. १९८० च्या सुमारास केलेल्या पाहणीत तपासलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिकांस हा रोग जडल्याचे आढळले. अनेक कामगार ऐन तारुण्यात मृत्यू पावले. या कामगारांच्या कल्याणनिधीसाठी मध्य प्रदेशात १९८२ मध्ये कायदा करण्यात आला. करवतीजवळच धूळ शोषून घेणारी यंत्रणा बसविणे, हा या रोगाच्या प्रतिबंधाचा मुख्य उपाय होय. कारण एकदा जडलेला रोग औषधाने बरा होत नाही. पाटीवरील अक्षर पुसता येते, फुप्फुसांत साचलेली धूळ मात्र काढता येत नाही. साक्षरतेच्या या स्वस्त साधनाचा विचार करताना ही बाजूही ध्यानात घ्यावी लागते.