नमुना तोच, आंकडे निराळे

गांवचें महसुली दप्तर आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. त्यांत एकवीस गांवनमुने असतात. नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही, आणि नमुना आठ-अ म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा. गांव सोनई असो, कुकाणें असो वा प्रवरासंगम असो, नमुन्यांतील रकाने बदलत नाहींत. बदलतात तीं माणसांचीं नांवें व क्षेत्राचे आंकडे. म्हणूनच नेवाशाचा सातबारा वाचतां येणाऱ्यास साताऱ्याचाही वाचतां येतो. या शिस्तीचें मूळ जुनें आहे. गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत नव्या पद्धतीची मोजणी व आकारणी सुरू केली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालानें तिचे नियम मुंबई इलाख्यापुरते कायम झाले. चौकट एकदां विचारपूर्वक ठरवावी व प्रत्येक गांवीं तीच वापरावी, हें त्यांतील मुख्य सूत्र होय.

हेंच सूत्र आज संगणकावर उपयोगी पडतें. अनेक सहकारी व पाणीवापर संस्थांत हल्लीं वर्षाचा हिशेब नुसत्या रकान्यांत न ठेवतां चित्ररूपानें मांडतात. एकाच पानावर पिकांचे स्तंभ, खर्चाचें वर्तुळ, पाण्याच्या पाळ्यांची रेषा अशीं चित्रें असतात; त्या पानास डॅशबोर्ड म्हणतात. तो प्रथम तयार करण्यास रंग, अक्षरें, मथळे व मापें ठरवितां ठरवितां आठ दिवस सहज जातात. पुढील वर्षीं, किंवा शेजारच्या गांवासाठीं, पुन्हां श्रीगणेशा करण्याचें कारण नाहीं. नव्या आंकड्यांचे रकाने जुन्यांसारखेच असतील तर केवळ आंकडे बदलावे. चित्रें आपोआप नवीं होतात.

कृति येणेंप्रमाणें करावी. आंकड्यांचें पान व चित्रांचें पान आरंभापासूनच वेगळें ठेवावें. मूळ फाइलीस हात न लावतां तिची प्रत काढावी आणि प्रतीच्या आंकड्यांच्या पानावर जुन्या नोंदींच्या जागीं नव्या नोंदी भराव्या. रकान्यांचे मथळे मात्र अक्षरशः तेच ठेवावे. एके ठिकाणीं ‘क्षेत्र’ व दुसऱ्या ठिकाणीं ‘एकूण क्षेत्र’ असें लिहिलें तर आपणांस अर्थ कळतो, पण यंत्रास कळतोच असें नाहीं. एक्सेलमध्यें नोंदींस ‘टेबल’ हें रूप दिल्यास ओळी वाढल्या तरी चित्र त्यांस आपल्यांत घेतें. तसें न केल्यास चित्र जुन्या शेवटच्या ओळीपाशींच थांबतें. पिव्होट वापरला असेल तर ‘रिफ्रेश’ केल्यावांचून तो जुनेच आंकडे दाखवितो. पॉवर बीआयमध्यें टेम्प्लेट म्हणून फाइल जतन करतां येते. तिच्यांत मांडणी व जोडण्या राहतात, आंकडे राहत नाहींत. कोऱ्या छापील नमुन्याचेंच हें नवें रूप होय.

येथवर सर्व सोपें वाटतें. परंतु चौकट जुळली म्हणजे अर्थही जुळला असें समजूं नये, हें मीं स्वतःच्या चुकीवरून शिकलों. निवृत्तीनंतर एका पाणीवापर संस्थेच्या सभासदांची यादी, क्षेत्र व पाणीपट्टी यांचा चित्रफलक मीं तयार केला होता. पुढें दुसऱ्या गांवच्या संस्थेनें तसाच मागितला. रकाने तेच, क्रमही तोच. मीं यादी उतरविली आणि घटकाभरांत फलक तयार झाला. सभेच्या आदल्या दिवशीं तो भिंतीवर लागला. सायंकाळीं एक वृद्ध बाई आपल्या नांवापुढील आंकडा नातवाकडून वाचवून घेऊन मजकडे आल्या व म्हणाल्या, “भाऊसाहेब, एवढी जमीन मला दिली कुणी? माझी तर दीड एकरच हाय. पट्टी मात्र दुपटीची आलीया.”

पहिल्या गांवची यादी हेक्टर-आरमध्यें होती, दुसरीची एकर-गुंठ्यांत. दोहोंत ‘१.२०’ असेंच लिहिलेलें. बाईंचे १ एकर २० गुंठे म्हणजे सुमारें ६१ आर. यंत्रानें तें १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळजवळ २ एकर ३९ गुंठे, असें धरलें. चित्रानें कांहींच तक्रार केली नाहीं. उलट तें अधिकच सुबक दिसत होतें. पुन्हां तपासतां आणखी दोन दोष आढळले. पहिल्या गांवीं ६२ सभासद होते, दुसऱ्या गांवीं ७१. शेवटचे नऊ जण चित्रांत आलेच नव्हते. आणि एका स्तंभचित्राच्या माथ्यावर पहिल्याच गांवचें नांव राहिलें होतें, कारण तें मीं हातानें लिहिलेलें होतें. रात्रीं बसून फलक दुरुस्त केला, आणि सभेंत चूक माझी असल्याचें उभें राहून सांगितलें.

तेव्हांपासून मी कांहीं नियम पाळतों. क्षेत्राच्या मथळ्यांतच एकक लिहावें. एकर व गुंठे यांस दोन वेगळे रकाने द्यावे. कारण १ एकर २० गुंठे व १ एकर ३० गुंठे यांची बेरीज ३ एकर १० गुंठे होते, पण एकाच रकान्यांत दशांशासारखें लिहिल्यास यंत्र २.५० सांगतें. वर्ष कोणतें तेंही लिहावें : महसुली वर्ष १ ऑगस्टपासून, संस्थेच्या हिशेबाचें १ एप्रिलपासून, साखरेचा हंगाम १ ऑक्टोबरपासून धरतात. गांवाचें नांव व वर्ष चित्रावर हातानें न लिहितां आंकड्यांच्या पानावरील एका ठराविक घरांतून घ्यावें. उभ्या मापाची कमाल मर्यादा पूर्वीं बांधून ठेवली असेल तर ती पाहावी. नाहींतर मोठा स्तंभ वरून छाटला जातो. दोन गांवांची तुलना करावयाची असेल तर मात्र दोन्हींकडे एकच माप ठेवावें.

सर्वांत महत्त्वाचें म्हणजे मिळवणी. फलक लोकांपुढें ठेवण्यापूर्वीं खातेदारांची संख्या व क्षेत्राची बेरीज मूळ यादीशीं ताडून पाहावी, आणि निदान पांच खातीं नमुना आठ-अ शीं स्वतः पडताळावीं. जमाबंदीच्या वेळीं बेरीज जुळल्याखेरीज पत्रकावर सही होत नसे. संगणक आला म्हणून ती चाल मोडण्याचें कारण नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकांची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवर करण्याची सोय राज्यभर झाली आहे. तेव्हां फलकावरील आंकडा आपल्या शेताशीं जुळतो कीं नाहीं, हें पाहणें लिहिणाऱ्याइतकेंच वाचणाऱ्याचेंही काम आहे.

ज्या संस्थेंत असा फलक असेल तिनें येत्या हंगामापूर्वीं त्याची एक कोरी प्रत करून ठेवावी, व तिच्या पहिल्याच पानावर एकक, वर्ष व मिळवणीच्या बेरजा लिहिण्यास जागा राखावी. आणि फलक सभेच्या दिवशीं न लावतां चार दिवस आधीं लावावा. त्या बाईंना एक सायंकाळ मिळाली, म्हणूनच चूक पट्टी भरण्यापूर्वीं निस्तरतां आली.