औषध चाचणीतच पुरे होते

प्रयोगशाळेत कर्करोगावर नवे औषध तयार झाल्याची बातमी आली, की रुग्णाचे नातेवाईक विचारतात, मग ते आजच का मिळत नाही? त्यांचा प्रश्न रास्तच आहे. तरीही इम्युनोथेरपीत मानवी चाचण्या हा औषधाच्या वाटेतला अडथळा नव्हे. औषध तिथेच पुरे होते. ही औषधे शरीरातल्या प्रतिकारक पेशींना चेतवतात, आणि माणसाच्या पेशी किती चेततील याचा अंदाज प्राण्यांवरून नेहमी येत नाही. २००६ साली लंडनमध्ये ‘टीजीएन १४१२’ हे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना दिले गेले. मात्रा होती माकडांना निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्श्याइतकी. तरी काही तासांतच सहाही जण अत्यवस्थ झाले. ते वाचले, पण पहिली मात्रा एकेकाला, अंतर ठेवून द्यावी हा धडा मिळाला.

आयआयटी मुंबईत प्रा. राहुल पुरवार यांच्या गटाने विकसित केलेल्या ‘नेक्सकार-१९’ची वाटचालही हेच सांगते. या कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांत जनुकीय बदल करतात आणि कर्कपेशींवरचे सीडी-१९ प्रथिन ओळखणाऱ्या या पेशी परत त्याच्या शरीरात सोडतात. टाटा मेमोरियलसह देशातल्या काही रुग्णालयांत रक्ताच्या कर्करोगाच्या ६४ रुग्णांवर दोन टप्प्यांत चाचणी झाली. परिणाम तपासता आलेल्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांचा आजार ओसरला; उपचाराशी संबंधित दोन मृत्यूही नोंदले गेले. ऑक्टोबर २०२३मध्ये उपचाराला मान्यता मिळाली. ६४ हा आकडा लहान आहे, हा आक्षेप खरा आहे. पण आजार उलटलेल्या किंवा इतर उपचारांना न जुमानणाऱ्या या रुग्णांपुढे पर्याय थोडेच होते. म्हणून मान्यता योग्य, आणि मान्यतेनंतरही वर्षानुवर्षे पाठपुरावा आवश्यक. ते दोन मृत्यू नोंदले गेले म्हणूनच पुढच्या रुग्णाचा डॉक्टर सावध राहील.

दुसरा आक्षेप खर्चाचा. चाचण्यांमुळे औषध महागते, असे म्हणतात. अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळालेल्या पहिल्या कार-टी उपचाराची किंमत पावणेपाच लाख डॉलर होती. नेक्सकार-१९ त्याच्या साधारण दशांश किमतीत मिळू लागले, कारण संशोधन, पेशींची निर्मिती आणि चाचणी भारतातच झाली. हे तीस-चाळीस लाख रुपयेही सामान्य कुटुंबाला पेलणारे नाहीत. पण त्यावरचा उपाय चाचण्या गाळणे हा नाही. सार्वजनिक रुग्णालयांत चाचण्यांची सोय वाढवणे आणि त्यासाठी सरकारी पैसा मागणे, हाच खरा उपाय आहे.