दहा फुटी छताखालचा ड्रमसेट

मोठ्या ड्रमसेटमध्ये एकाच वादकाच्या हातापायांच्या आवाक्यात आठ-दहा वाद्ये मांडलेली असतात: पायाने वाजणारा २२ इंची बास ड्रम, गुडघ्यांमधला १४ इंची स्नेअर, तीन-चार टॉम, आणि त्यांच्याभोवती हाय-हॅट, क्रॅश व राइड या झांजा. यांपैकी कोणतेही वाद्य वाजले, तरी त्याचा आवाज त्याच्या स्वतःच्या माइकपुरता न राहता संचाभोवतीच्या प्रत्येक माइकमध्ये वेगवेगळ्या वेळी शिरतो, आणि ध्वनिमुद्रकाचे बहुतेक कष्ट या वेळांचा मेळ बसवण्यातच खर्च होतात. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. त्यामुळे एकच ठोका दोन माइकपर्यंत तेवढ्या अंतराच्या फरकाने पोहोचला आणि दोन्ही ध्वनी सारख्याच पातळीवर एकत्र केले, तर ५०० हर्ट्झच्या आसपासच्या लहरी एकमेकींना मारतात आणि भरदार स्नेअर पोकळ वाटू लागतो. या परस्परसंबंधाला ध्वनिमुद्रक फेज म्हणतात.

वर्धा जिल्ह्यातील घरगुती स्टुडिओसाठी हा हिशेब आणखी बिकट होतो, कारण राहत्या घरातली दहा बाय बारा फुटांची, वर दहा फुटांवर काँक्रीटचा स्लॅब असलेली खोली बास ड्रमला मुळीच सोयीची नसते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अर्धी लहर नेमकी बसेल अशी कंप्रता त्या खोलीत फुगते. दहा फुटांसाठी ती सुमारे ५७ हर्ट्झ येते, आणि येथे रुंदी व उंची दोन्ही दहा फूट असल्याने तीच कंप्रता दोन दिशांनी फुगते. २२ इंची बास ड्रमचा मूळ स्वर बहुधा ५० ते ६५ हर्ट्झच्या दरम्यान असतो. परिणामी एका कोपऱ्यात ठोका घुमतो आणि खोलीच्या मध्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून महागडा माइक विकत घेण्यापूर्वी ड्रमसेटची जागा हातभर पुढे-मागे सरकवून पाहणे अधिक फलदायी ठरते.

छतावरून परतणाऱ्या आवाजाचा प्रश्न मात्र जिल्ह्यातच पिकणाऱ्या मालाने बराचसा सुटतो. हिंगणघाट, पुलगाव, देवळी, आर्वी हा सारा पट्टा कापसाचा असून, रुईची गादी ध्वनी शोषण्याच्या कामी बाजारातल्या पातळ फोमपेक्षा सरस ठरते. चार इंच जाडीची गादी स्लॅबला चिकटवण्याऐवजी चार इंच खाली टांगली, तर मागच्या पोकळीमुळे ती आणखी खालच्या कंप्रतेपर्यंत काम करते. अट एवढीच, की रुई दबून घट्ट झालेली नसावी, कारण तंतूंमध्ये हवा खेळली तरच ध्वनीची ऊर्जा घर्षणात विरते. जुनी गादी वापरायची झाल्यास ती आधी पिंजून घ्यावी लागते. ५७ हर्ट्झच्या घुमण्यावर मात्र गादीचा उपाय चालत नाही. त्या लहरीची पाव लांबीच दीड मीटर भरते, आणि तेवढ्या जाडीचा कापूस भरला तर खोलीत वादकाला बसायला जागा उरणार नाही.

घरगुती ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे माइकचा संकेत संगणकापर्यंत नेणाऱ्या यंत्राला, बहुधा फार तर आठच माइक जोडता येतात, आणि मोठ्या संचाला ते अपुरे पडतात. अशा वेळी हाय-हॅटचा माइक पहिल्यांदा वगळावा, कारण ती झांज न मागताही सर्वत्र ऐकू येते. उरलेल्यांत वरचे दोन कंडेन्सर माइक, ज्यांना ओव्हरहेड म्हणतात, संपूर्ण चित्राचा आधार असतात. लेड झेपलिन या रॉक बँडचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित करणारे इंग्रज ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेत एक माइक स्नेअरच्या वर सुमारे ४० इंचांवर आणि दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूला, स्नेअरकडे रोखलेला असतो. स्नेअरच्या मध्यापासून दोन्हींचे अंतर समान राहावे म्हणून मोजपट्टीऐवजी एक दोरी स्नेअरच्या मध्यावर धरून फिरवली तरी भागते. लहान खोलीत ही रचना दहा माइकांच्या गर्दीपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते.

जवळच्या माइकांत अंतराइतकेच दिशेलाही महत्त्व असते. स्नेअरचा डायनॅमिक माइक कडेच्या दोन बोटे आत, पडद्यापासून तीन-चार सेंटिमीटर वर ठेवून मध्याकडे रोखतात आणि त्याची पाठ हाय-हॅटकडे करतात, कारण कार्डिऑइड प्रकारचा माइक पाठीमागचा आवाज कमीत कमी घेतो. स्नेअरच्या खाली दुसरा माइक लावल्यास त्याची ध्रुवता उलटवावी लागते. काठीच्या आघाताने पडदा वरच्या माइकपासून दूर आणि खालच्याकडे सरकत असल्याने दोन्ही संकेत एकमेकांविरुद्ध जातात. बास ड्रमच्या पुढच्या पडद्याच्या छिद्रातून माइक आत, ठोक्याजवळ नेला तर टक्कन आघात मिळतो, आणि छिद्रापाशी मागे घेतला तर पोटातला दमदार आवाज येतो.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा कूलर व पंखा बंद करूनच मुद्रण करावे लागते, कारण ओव्हरहेड माइक वाऱ्याची घरघर इमानाने टिपतात. ४५ अंशांत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५८ मीटर असतो, तर थंडीतल्या १२ अंशांच्या पहाटे तो ३३९ च्या आसपास उतरतो. दोरीने साधलेली समान अंतरे या फरकाने बिघडत नाहीत, परंतु खोलीच्या घुमण्याची कंप्रता मात्र उन्हाळ्यात ५७ वरून ५९ च्या जवळ सरकते. पॉलिएस्टरचे पडदे पावसाळ्यात खंजिरीच्या कातड्यासारखे सैल पडत नाहीत, हा वादकाला एक दिलासा आहे.

१९८५ साली आलेल्या रोलँडच्या ऑक्टापॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्याने विदर्भातील वाद्यवृंद व गीतगायनाच्या मंचांवर मोठीच जागा व्यापली, आणि एका वायरीवर भागणाऱ्या त्या यंत्रामुळे माइक लावण्याची ही कला शिकण्याचे निमित्तच अनेकांना उरले नाही. तरीही घरात खऱ्या ड्रमची भव्यता मिळवणे अशक्य नाही. १९७१ साली प्रकाशित झालेल्या लेड झेपलिनच्या चौथ्या अल्बममधील एका गीतासाठी ग्लिन यांचे धाकटे बंधू अँडी जॉन्स यांनी हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या प्रवेशदालनात ड्रमसेट मांडून वर जिन्यात दोन माइक टांगले होते. वर्ध्यातल्या घरात गच्चीकडे जाणारा काँक्रीटचा जिना असतोच. खोलीचे दार उघडे ठेवून त्याच्या वळणावर एक माइक ठेवला, तर गादीने कोरडा केलेला आवाज तिथे पुन्हा लांबतो, आणि तो ट्रॅक वेगळा असल्याने हवा तेवढाच मिसळता येतो.