बेट जपायचं तर आधी बोटीचं बघा

थायलंडच्या फी फी ले बेटावरचा माया बे हा किनारा ‘द बीच’ या 2000 सालच्या चित्रपटामुळे जगभर गाजला. पुढे तिथे दिवसाला 5,000 पर्यंत माणसं येऊ लागली. खरं नुकसान बोटींनी केलं. त्या थेट उथळ पाण्यात घुसायच्या, नांगर प्रवाळावर पडायचे. जून 2018 मध्ये सरकारने किनारा बंद केला, प्रवाळाची पुनर्लागवड केली आणि काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क परत दिसू लागले. जानेवारी 2022 मध्ये तो पुन्हा उघडला, पण नियम बदलून: बोटी बेटाच्या मागच्या बाजूला लागतात, माणसं लाकडी पायवाटेने चालत येतात, एका वेळी किती जण यालाही मर्यादा आहे. म्हणजे पर्यटन राहिलं, फक्त ते चालवण्याची रीत बदलली. माझ्या मते हाच सगळ्यात मोठा धडा आहे.

यावर रास्त आक्षेप असतो तो बोटवाल्यांच्या पोटाचा. पण प्रवाळच मेलं तर स्नॉर्केलिंगला येणार कोण? नांगराऐवजी बोट बांधायला कायमचे तरंगते बोये हवेत, आणि तो खर्च एकट्या बोटवाल्यावर न टाकता प्रवेश शुल्कातून व्हावा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीही प्रवाळ आहे, मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासूनचं आहे. तिथे बुकिंग करताना एवढं जरूर विचारा: तुमची बोट नांगर कुठे टाकते?