बिल्डरकडची थकबाकी आणि तीन वर्षांची मुदत

दर सोमवारी फोन करायचा, "फ्लॅट विकले की पहिले पैसे तुमचेच" हे उत्तर ऐकायचे आणि पुढच्या सोमवारची वाट पाहायची, हा क्रम आपल्या अनेक पेढ्यांना पाठ आहे. माल टाइल्सचा असो वा काम प्लंबिंगचे. ओळखीच्या माणसाला नोटीस कशी पाठवावी, या संकोचात दिवस जातात. कायदा हा संकोच जाणत नाही. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर माल पोहोचल्यापासून आणि मजुरीचे पैसे असतील तर काम झाल्यापासून तीन वर्षांत दावा दाखल करावा लागतो. तोंडी आश्वासनाने ही मुदत पुढे सरकत नाही. मुदत संपण्याआधी बिल्डरने सहीनिशी देणे मान्य केले, किंवा काही रक्कम चेकने दिली, तर ती नव्याने सुरू होते. दरवर्षी खातेउताऱ्यावर बाकी मान्य असल्याची सही घेण्याची वडिलांच्या काळची रीत म्हणूनच आजही उपयोगी आहे.

दावा कोणावर, हा प्रश्नही आधीच सुटलेला बरा. काम मुख्य कंत्राटदाराकडून घेतले असेल तर देणेकरी तो. इमारत बिल्डरची आहे एवढ्याने बिल्डर बांधील होत नाही. त्याने पैसे थेट देण्याचे लेखी मान्य केले असेल तर गोष्ट वेगळी.

सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याचा गवगवा फार आहे. करारात काहीही लिहिलेले असो, 45 दिवसांपलीकडे बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. सुलभीकरण परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. मात्र 2021 पासून व्यापाऱ्यांना मिळणारी उद्यम नोंदणी केवळ अग्रक्रमाच्या कर्जापुरती आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या पेढीला हा मार्ग खुला नाही. उत्पादक वा सेवा देणाऱ्यानेही नोंदणी काम स्वीकारण्यापूर्वी करावी. साहित्य आणि मजुरी एकत्र असलेली कंत्राटे या कायद्यात बसत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले आहे.

चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर बिल्डरला 15 दिवस, आणि त्यानंतर महिन्याच्या आत फौजदारी तक्रार. एरवी तीन लाखांवरील व्यापारी दाव्याआधी, तातडीचा मनाई हुकूम हवा नसेल तर, मध्यस्थी बंधनकारक आहे. लेखी करार असल्यास संक्षिप्त दाव्याची सोय आहे. त्यात बचावासाठी प्रतिवादीला न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

दिवाळखोरी न्यायाधिकरणाचा धाक पुष्कळजण घालतात. थकबाकी किमान एक कोटीची, बिल्डर कंपनी किंवा एलएलपी, आणि मालाच्या दर्जाबद्दल आधीचा खरा वाद नको, या अटी आहेतच. शिवाय अर्ज मंजूर झाला की बँका आणि घरखरेदीदार निर्णय घेणाऱ्या समितीत बसतात, माल पुरवणारा बाहेर राहतो. धाकापुरता हा मार्ग बरा, वसुलीसाठी भरवशाचा नाही.

वकिलाकडे जाण्यापूर्वी चलने एकदा चाळावीत. त्यांवर साइटच्या वॉचमनची अर्धवट सही असेल, तर संबंध टिकून आहेत तोवरच बिल्डरच्या कार्यालयातून एकत्रित खातेउताऱ्यावर सही-शिक्का घ्यावा.