मतदार तेच, रेघा नव्या

नॉर्थ कॅरोलायना हे अमेरिकेतलं राज्य प्रतिनिधिगृहात, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या सभागृहात, १४ जण पाठवतं. २०२२ मध्ये डेमोक्रॅट ७ आणि रिपब्लिकन ७ निवडून आले. दोनच वर्षांनी रिपब्लिकन १० आणि डेमोक्रॅट ४. राज्यात लाट आली असणार, हा पहिला अंदाज. आणि तो चुकीचा आहे. २०२४ मध्ये ट्रम्प यांना तिथे जेमतेम ५१ टक्के मतं पडली. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी गव्हर्नर म्हणून जॉश स्टाइन या डेमोक्रॅटला सुमारे ५५ टक्के मतं देऊन निवडलं. बदलला होता तो मतदारसंघांचा नकाशा. २०२२ चा नकाशा न्यायालयाच्या देखरेखीखाली झाला होता. २०२३ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने तो नव्याने आखला. त्यानंतर तीन डेमोक्रॅट खासदारांनी आपल्या जागा पुन्हा लढवल्याच नाहीत.

ज्याला राज्यभरात जास्त मतं, त्याला जास्त जागा, हेही खरं नाही. २०१२ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारांची एकूण मतं जास्त होती, तरी तेव्हाच्या १३ पैकी ९ जागा रिपब्लिकनांना मिळाल्या. विरोधकाचे मतदार दोन-तीन मतदारसंघांत कोंबायचे, तिथे त्याला प्रचंड मताधिक्याने जिंकू द्यायचं आणि उरलेले इतरत्र थोडे थोडे विखरून टाकायचे, ही यामागची रीत. सगळा दोष रेघांचा मात्र नाही. शार्लट, राले, डरॅम या शहरांत डेमोक्रॅट मतदार मुळातच दाटीने राहतात. शिवाय मतांची नुसती बेरीजही फसवते: २०२४ मध्ये तिसऱ्या आणि सहाव्या मतदारसंघात डेमोक्रॅट उमेदवारच नव्हता.

वेडावाकडा मतदारसंघ म्हणजे लबाडी आणि सुबक म्हणजे न्याय, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. याच राज्याचा १९९० च्या दशकातला बारावा मतदारसंघ महामार्गाच्या कडेने सुमारे १६० मैल लांबला होता, आणि १९९३ चा गाजलेला खटला त्यावरूनच उभा राहिला. २०१६ चा नकाशा त्या मानाने नीटनेटका होता. तरी निकाल लागला रिपब्लिकनांच्या बाजूने १० विरुद्ध ३. तो आखून घेणारे आमदार डेव्हिड लुइस यांनी समितीत उघड सांगितलं होतं की दहा-तीनचा नकाशा मांडतोय, कारण अकरा-दोनचा आखणं शक्य वाटत नाही. आकार डोळ्यांना दिसतो, हेतू दिसत नाही.

हा नकाशा सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१९ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला, आणि न्यायालयाने असल्या आखणीला मान्यता दिली, असं तेव्हापासून सर्रास सांगितलं जातं. निकाल तसं म्हणत नाही. अशी आखणी लोकशाही तत्त्वांशी विसंगत आहे हे बहुमताच्या निकालपत्रातही मान्य केलं आहे. फक्त पक्षीय लाभाचा प्रश्न सोडवणं केंद्रीय न्यायालयांच्या कक्षेबाहेरचं ठरवलं. मग गव्हर्नर तरी अडवेल? नाही. या राज्यात मतदारसंघ आखणीच्या कायद्यावर त्याला नकाराधिकारच नाही. आपल्याकडे हे काम निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालचा परिसीमन आयोग करतो. तिथे ज्यांना निवडून यायचं आहे, त्यांचाच पक्ष करतो. हा फरक मला मूलभूत वाटतो.

मतमोजणीच्या रात्रीचा आकडा अंतिम असतो, असंही नाही. २०१८ मध्ये नवव्या मतदारसंघात रिपब्लिकन उमेदवार ९०५ मतांनी पुढे होता. टपाली मतपत्रिकांत गैरप्रकार उघड झाल्यावर राज्य निवडणूक मंडळाने निकाल प्रमाणित केला नाही आणि सप्टेंबर २०१९ मध्ये निवडणूक पुन्हा घेतली. तोवर ती जागा रिकामी राहिली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विधिमंडळाने रेघा पुन्हा हलवल्या. लक्ष्य होता पहिला मतदारसंघ, जो डेमोक्रॅट डॉन डेव्हिस यांनी २०२४ मध्ये दोन टक्क्यांहून कमी फरकाने राखला होता. नव्या रेघांना कारण ठरेल अशी जनगणना मधल्या काळात झालेली नव्हती. अकरावी जागा मिळवणं हाच हेतू होता, आणि तो लपवलाही गेला नाही.