चंद्राची वाट, पण केवढ्या खर्चात?

अमेरिकी संसदेने २०१० मध्ये कायदा करून ‘नासा’ला ‘स्पेस लाँच सिस्टिम’ हा अग्निबाण बांधायला लावला. ‘स्पेस शटल’ या अवकाशयानांचीच कंत्राटे शक्यतो पुढे चालवा, असेही त्यातच लिहिले. मुदत २०१६ अखेरची. पहिले उड्डाण झाले १६ नोव्हेंबर २०२२ रोजी, तेही माणसांविना. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘नासा’चे महानिरीक्षक पॉल मार्टिन यांनी संसदेपुढे हिशेब मांडला : पहिल्या चार चांद्रमोहिमांत ‘ओरायन’ यानासह दर उड्डाणाला ४.१ अब्ज डॉलर. हे परवडणारे नाही, असे त्यांनी स्पष्टच बजावले.

सर्वांत खटकते ते इंजिनांचे. शटलसोबत अनेकदा उडून सुखरूप परतलेली चार आरएस-२५ इंजिने या एकाच उड्डाणात समुद्रार्पण झाली. त्याहून गंभीर म्हणजे परतीच्या वाटेवर ‘ओरायन’ यानाच्या उष्णतारोधक कवचाचे तुकडे निखळले, आणि पुढची मोहीम माणसांची ठरलेली होती.